मऊ झाकण

“आज सभेला कोणी पिशव्या घेऊन बसायचं नाही,” काटेवाला म्हणाला.

वजनकाट्यावर पोतं चढवलेलं होतं आणि त्याची नजर आकड्यावर होती. कोणा एकाला उद्देशून तो बोलला नव्हता. पण आवाज अख्ख्या शेडमध्ये जाईल एवढा होता, आणि निवडीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या अक्काचा हात बाटल्यांच्या ढिगावरच थांबला.

“पिशव्यांनी तुझं काय घोडं मारलंय?” शेजारची बाई म्हणाली. तिचं तोंड कधी बंद नसे म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणत.

“आपलीच माणसं आहेत सगळी. लपवायचं कशाला? ज्याला जे टाकायचं ते उघड टाकावं. ऐकू येऊ दे जरा.”

“तुझ्या कानांना एवढी भूक लागली असेल तर मी आहे की. सुरू करू?”

टेबलाभोवतीच्या बाया हसल्या. काटेवालाही हसला आणि त्याने पोतं खाली ओढलं. अक्का हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

शहरातला सुका कचरा या शेडमध्ये येई. तो निवडायचा, धुवायचा, गठ्ठे बांधून विकायचा, हे संस्थेचं काम. मालक कोणी नव्हता. निवडणाऱ्या, उचलणारे, काट्यावरचा, मशीनवरचे, सगळेच सभासद आणि प्रत्येकाला एक मत. पाळ्या कशा लावायच्या, नवीन माणूस घ्यायचा की नाही, सगळं सभेत ठरे. कागदावर खूण करायची म्हटलं तर अर्ध्याजणी पेन धरायला लाजत, म्हणून मत झाकणांनी द्यायचं ठरलं होतं. झाकणांना तिथे काय तोटा. दुधाच्या बाटलीचं मऊ झाकण म्हणजे होय, औषधाच्या बाटलीचं कडक झाकण म्हणजे नाही. दोन्ही मुठीत घेऊन जायचं, एक कुलूप लावलेल्या पत्र्याच्या डब्यात फटीतून टाकायचं आणि उरलेलं शेजारच्या पोत्यात.

पद्धत चांगली होती. तिच्यात एकच खोट होती, आणि ती बाहेरच्या कोणाच्या लक्षातही आली नसती. इथल्या माणसांना डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून प्लास्टिक ओळखता येई. मऊ झाकण पडलं की थप्, कडक पडलं की टिक्. डब्याच्या तळाला चिंध्या घालून पाहिल्या. पण काही झाकणं साठली की पुढचं झाकण त्यांच्यावरच आपटे आणि कान पुन्हा ओळखत. दोन जिवाभावाच्या मैत्रिणींचं बोलणं असं एका सभेत बंद झालं ते आजतागायत. त्यानंतरच्या सभेत अक्काच्या धाकट्या भावाने खिशातून बिस्किटांची कुरकुरीत पिशवी काढली आणि जो कोणी डब्यापाशी जाईल त्याच्या वेळी ती चुरगाळायला लागला. आधी सगळे हसले. मग सगळ्यांनीच पिशव्या काढल्या. तेव्हापासून मत पडताना अख्खी शेड पिशव्या चुरगाळत बसे आणि कोणी काय टाकलं ते कोणालाच कळत नसे. नवीन सभासदाला हातमोजे आणि ही रीत एकाच दिवशी मिळे.

ती रीत आज मोडा, असं काटेवाला म्हणत होता. आणि काटेवाला नुसता वजन करत नसे. रोज सकाळी कोण कोणत्या टेबलावर, हेही तोच सांगे. बाटल्यांचं टेबल सोपं, कागदाचं त्याहून सोपं. काचेच्या टेबलावर कोणाला जायचं नसे.

अक्काला आज कडक झाकण टाकायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

*

सकाळी न्हाणीत भाऊ खोकत होता तेव्हा तिने हे ठरवलं. ठरवलं म्हणण्यापेक्षा तिच्या लक्षात आलं.

घर दोन खोल्यांचं. अक्का स्वयंपाकघरात झोपे. नवरा दुसऱ्या शहरात कामाला गेला आणि तिथलाच झाला, त्यानंतर ती या घरी आली. भाऊ तेव्हा नुकताच मिशा फुटलेला पोरगा होता. त्याने काही विचारलं नाही, कपाट सरकवून तिची जागा केली. त्या सरकवलेल्या कपाटाची अक्काला इतक्या वर्षांनीही भीती वाटे. ते कोणीही पुन्हा सरकवू शकतं, असं तिला वाटे. भाऊ-भावजय दोघांपैकी कोणी तिला कधी वाकडा शब्द बोललं नव्हतं. पण ती जेवताना शेवटी बसे आणि भाजी संपली असेल तर मला नकोच होती म्हणे.

भाऊ खोकायला लागला की भावजय नळ पूर्ण सोडे. बादली भरलेली असली तरी सोडे. पाणी वाहून जाई, भांडी आदळत, आणि बाहेरच्या खोलीत शाळेची तयारी करणाऱ्या मुलीला बापाचा खोकला ऐकू जात नसे. हे दोघींनी कधी ठरवलं नव्हतं. नळाला पाणी नसलं की अक्का कपबशा विसळल्यासारख्या वाजवी.

आज नळ बराच वेळ चालू राहिला. मग बंद झाला. भाऊ पुसलेल्या तोंडाने बाहेर आला, पुतळ्यासारखा जरा उभा राहिला आणि म्हणाला, “धूळ फार झालीय हल्ली.”

तो गेल्यावर भावजयीने न्हाणीत आणखी एक तांब्या ओतला. काय धुऊन टाकलं ते अक्काने विचारलं नाही.

“वन्सं,” भावजय पाठमोरीच म्हणाली, “आज मत आहे ना तुमचं?”

“आहे.”

“मला नाही मत. मी कुठे सभासद आहे. मी असते तर...” ती थांबली. दूध उतू जात नव्हतं तरी तिने गॅस बारीक केला. “जाऊ द्या. मुलीची फी पण भरायचीय.”

अक्का वाट बघत राहिली. पण विचारायची हिंमत तिला झाली नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

*

चहाच्या सुट्टीत ती शेडच्या मागच्या अंगाला गेली. तिथे दाणा मशीन होतं.

पातळ पिशव्या, ज्या कोणी विकत घेत नाही, त्या धुऊन वाळवून या मशीनच्या तोंडात घालायच्या. आत त्या वितळत आणि दुसऱ्या बाजूने शेवयांसारख्या गरम तारा होऊन पाण्याच्या हौदात उतरत. तारा कापल्या की दाणा. दाण्याला भाव चांगला होता आणि संस्थेचा बराचसा डोलारा त्या दाण्यावर उभा होता. वितळताना धूर येई. गोडसर वास होता त्याला, सुरुवातीला तर बरा वाटणारा. पलीकडच्या शाळेने भिंतीलगतच्या खिडक्या कायमच्या बंद करून घेतल्या होत्या. तक्रार वर जाऊन कोणी बाहेरचा येऊन ठरवण्याआधी आपणच ठरवू, म्हणून आजची सभा होती. प्रश्न सरळ होता. मशीन चालू ठेवायचं का?

भाऊ हौदाशी वाकून तारा सारख्या करत होता. त्याला शेडमध्ये सगळे इंजिन म्हणत. एके काळी तो काम करताना गुणगुणायचा, त्या लांबलचक सुरावरून ते नाव पडलं होतं. हल्ली नव्या मुलींना वाटे, नाव खोकल्यावरून पडलंय.

“फडकं बांध की तोंडाला,” अक्का म्हणाली.

“बांधलं की दम लागतो. सोडलं की धूर लागतो. कुठला हवाय सांग.” तो हसला. मग त्याने कप घेतला आणि दोन्ही तळव्यांत धरला. “अक्का, मऊच ना?”

तिने त्याच्या कपातल्या चहाकडे बघितलं.

“विचारायचं नसतं ना रे ते,” ती म्हणाली. “तूच काढलीस ना रीत.”

“बाकीच्यांना नाही विचारत. तुला विचारतोय.” त्याने घोट घेतला, थांबला, श्वास जमवला. “मशीन बंद झालं तर मला परत पोती उचलायला लावतील. मी दोन पोती उचलली तरी बसावं लागतं मला. इथे बरं आहे, हौदाशी उभं राहायचं. आणि समज नाहीच जमलं, तर कालव्यापलीकडचा भट्टीवाला केव्हाचा बोलावतोय. तिथे सभा नाही, झाकणं नाहीत, काही नाही. जायचं, वितळवायचं, घरी यायचं.”

“खिडकी आहे का तिथे?”

“भट्टीला खिडकी कशाला?”

अक्काला म्हणायचं होतं, मला तुझा खोकला रोज ऐकू येतो, नळाच्या आवाजातून ऐकू येतो, मला प्लास्टिकसारखाच आता खोकलाही ओळखता येतो आणि हा खोकला मी आधी एकदा ऐकलाय. ती म्हणाली, “चहा गार होतोय.”

“मऊच टाक,” तो म्हणाला. “तू नेहमी मऊच टाकतेस. मला माहितीय.”

ते खरं होतं. पिशव्या कितीही वाजोत, अक्का नेहमी मऊ झाकण टाकी. जे चाललंय ते चालू दे, सगळे म्हणतील ते खरं, कोणाच्या डोळ्यांवर यायला नको. कडक झाकण मुठीत धरायचीसुद्धा तिला भीती वाटे, चुकून तेच पडलं तर. फटीपाशी ती पुन्हा पुन्हा अंगठ्याचं नख रुतवून बघे. मऊ झाकणात नख रुततं. मग ती सोडे.

*

जेवायच्या सुट्टीत ती उस्तादकडे गेली. तिचा पाय तिकडे वळला, एवढंच.

भावाच्या आधी मशीनवर उस्ताद होता. आता तो शेडमागच्या गल्लीत, स्वतःच्या उंबऱ्यावर उशीला टेकून बसलेला असे. त्याच्या नाकापासून दारातून आत नळी गेली होती, नळीच्या टोकाला काहीतरी सारखं घुरघुरत होतं. त्याला पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत नसे, म्हणून तो तुकडे करून बोले आणि मधल्या जागेत समोरच्याने थांबायचं असे.

“आज... सभा,” तो म्हणाला.

“हो.”

“माझं मत... काढून घेतलं. काम... करत नाही ना मी.” त्याला हसू आलं, पण हसायलाही श्वास लागतो म्हणून त्याने ते अर्ध्यावर सोडलं. “नाहीतर... दोन्ही झाकणं... टाकली असती.”

“उस्ताद, तुम्हाला सुरुवातीला कसा होता खोकला? कोरडा होता का?”

त्याने तिच्याकडे बघितलं. घुरघुर चालू होती.

“इंजिनाचा... कसा आहे?”

अक्काने तोंडाला पदर लावला. तिला रडू आलं नव्हतं. फक्त तोंड झाकावंसं वाटलं.

“अक्का,” उस्ताद म्हणाला, आणि त्याने नळीतून श्वास ओढला. “मला... कोणीतरी... थांबवायला हवं होतं. मी... शिव्या दिल्या असत्या. पण... थांबवायला हवं होतं.”

परत येताना शेडच्या दाराशी काटेवाला उभा होता, दात कोरत.

“जेवण झालं का अक्का?” त्याने आपुलकीने विचारलं.

“झालं.” ती जेवली नव्हती.

“तुमचं मला टेन्शन नाही. तुम्ही घरच्या. इंजिन राहिलं तर तुमचं घर राहिलं.” त्याने काडी फेकली आणि लगेच वाकून उचलली, कारण शेडच्या दारात कचरा टाकला की सभेत नाव निघे. “मला बाकीच्यांचं बघायचंय. कोण कुठे उभं आहे ते कळलं म्हणजे बरं. हो की नाही?”

“हो,” अक्का म्हणाली.

*

सभा काम संपल्यावर, गठ्ठ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत भरली. अध्यक्षपद दर वर्षी फिरे. यंदाची अध्यक्ष गठ्ठे बांधणारी होती, दंडांनी मजबूत आणि बोलायला तुटक. तिने टेबलावर डबा ठेवला, कुलूप ओढून दाखवलं, आणि प्रत्येकाच्या हातात दोन-दोन झाकणं दिली.

“आधी बोलून घ्या,” ती म्हणाली. “नंतर घरी जाऊन बोलायचं नाही.”

एक तरुण आई उठली. “माझी मुलगी पलीकडच्या शाळेत आहे. सकाळी तिला डबा मीच पाठवते आणि दुपारी धूर पण मीच पाठवते. मला नाही जमत हे.” ती लगेच बसली.

“मग चिमणी उंच करा, जाळी बसवा,” रेडिओ म्हणाली.

“तेवढे पैसे असते तर सभा कशाला भरवली असती? हौस म्हणून?” काटेवाला उठला. “हे बघा. दाणा बंद झाला की प्रत्येकाचा वाटा कमी होणार. वाटा कमी झाला की माणसं कमी करावी लागणार. ती कोणती, ते पण मग इथेच, याच डब्यात ठरवू. चालेल ना सगळ्यांना?”

बायका एकमेकींकडे न बघता बसून राहिल्या.

मग भाऊ उठला. उठून त्याने एका हाताने गठ्ठ्याचा आधार घेतला.

“मला एवढंच विचारायचंय,” तो म्हणाला. “मशीन बंद केलं की पातळ पिशव्या कोण घेणार? कोणी नाही. त्या जाणार उकिरड्यावर. तिथे आग लागते आणि आठवडाभर धुमसत राहते, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. मग तो धूर चांगला आणि माझा वाईट? इथे धूर दिसतो म्हणून...” खोकला आला. त्याने हात वर करून थांबा म्हणून खूण केली. शेड थांबली. खोकला बराच वेळ चालला. इथे नळ नव्हता. अक्काचे हात मांडीवर कपबशी शोधत असल्यासारखे हलले. “...दिसतो म्हणून ओरडायचं,” त्याने वाक्य पुरं केलं आणि तो बसला.

त्याचं म्हणणं चूक आहे असं अक्कालाही वाटलं नाही. तरुण आईचंही चूक नव्हतं. काटेवाल्याचंसुद्धा नव्हतं. म्हणूनच तिला एवढी भीती वाटत होती. कोणीतरी एक जण साफ चुकला असता तर बरं झालं असतं.

मत सुरू झालं. नवे आधी, जुने शेवटी, हा नियम. जुन्यांकडे बघून नव्यांनी टाकू नये म्हणून केलेला. अक्का संस्थेच्या पहिल्या बायांपैकी, शेड नव्हती तेव्हा रस्त्याकडेला पोत्यावर बसून निवडणाऱ्यांतली. त्या बायांतली आता ती एकटीच उरली होती, म्हणजे सगळ्यात शेवटी तिचा नंबर.

सुरुवातीला पिशव्या वाजल्या. काटेवाल्याने सांगूनही सवयीने हात खिशांत, पिशव्यांत गेले होते. तरुण आई गेली तेव्हा चांगलाच आवाज होता. मग काटेवाला स्वतः गेला. जाताना त्याने दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, आणि त्याचं झाकण पडलं. थप्. तो वळून हसला. “एवढंच तर आहे,” म्हणाला.

त्यानंतर पिशव्या कमी झाल्या. एक एक हात थांबत गेला. कोणी पिशवी मांडीखाली सरकवली, कोणी नुसती धरून बसली. प्रत्येक मताला कुरकुर आणखी विरळ होत होती आणि मधून मधून एखादं झाकण ऐकू येत होतं. ज्याचं कडक पडे तो जागेवर जाताना पायांकडे बघत जाई. रेडिओच्या वेळी दोनच पिशव्या वाजत होत्या. ती डब्यापाशी मोठ्याने म्हणाली, “माझ्या बाबतीत पिशवीची गरज नाही, मीच बोलते,” आणि काहीतरी बोलत बोलतच तिने झाकण टाकलं. पण कोणी हसलं नाही.

भावाने स्वतः पिशवी वाजवली नव्हती, दुसऱ्या कोणाची थांबवलीही नव्हती. त्याचं मत होऊन गेलं होतं आणि तो गठ्ठ्याला टेकून डोळे मिटून बसला होता.

“अक्का,” अध्यक्ष म्हणाली.

ती उठली. आणि शेड पूर्ण शांत झाली.

इतकी शांतता तिने या जागेत कधी ऐकली नव्हती. पत्रा तापून थंड होताना मधेच तडतडतो तो आवाज आला. मशीनच्या हौदात थेंब पडत होते. सगळे तिच्याकडे बघत होते असंही नाही. काही जण जमिनीकडे बघत होते, आणि ते जास्त भयंकर होतं, कारण ऐकणारा माणूस असाच खाली बघतो.

टेबलापर्यंतची वाट संपायला नको असं तिला वाटलं आणि ती लगेच संपली. डाव्या मुठीत दोन झाकणं घामाने ओली झाली होती. तिने नेहमीसारखं नख रुतवून बघितलं. एकात रुतलं. तेच पुढे करायचं, सोडायचं, थप्, आणि मागे वळायचं. उद्या बाटल्यांचं टेबल. रात्री स्वयंपाकघरातली जागा. आणि सकाळी पुन्हा तोच नळ.

तिने दुसरं झाकण बोटांत घेतलं. त्यात नख रुतलं नाही, नुसतं घसरलं. पुढे करताना झाकण फटीच्या कडेवर वाजलं, टिक्, आणि आत पडायच्या आधीच कोणीतरी श्वास ओढून घेतल्याचं तिला ऐकू आलं. बोटं त्या झाकणाला चिकटल्यासारखी झाली. परत घ्यावं. चुकून वाजलं म्हणावं.

मागून, मशीनच्या बाजूने, एक पिशवी वाजली.

जुनी, कुरकुरीत, बिस्किटाची पिशवी. एकच. तिने मागे वळून बघितलं नाही. कोणाची आहे ते तिला बघावं लागलं नाही. पिशवी जोरात, सावकाश, न थांबता चुरगाळली जात होती, आणि मधेच खोकला आला तरी हात थांबला नाही. एका पिशवीने एवढी शांतता झाकली जात नाही. हे तिला कळत होतं आणि वाजवणाऱ्यालाही कळत असणार.

अक्काने बोटं सोडली.

डबा उघडला तेव्हा कडक झाकणं जास्त भरली, आणि एकाने नव्हे, चांगली मूठभर जास्त. अक्काचं नसतं तरी मशीन बंदच झालं असतं. अध्यक्षबाईने निकाल सांगितला, कोणी टाळी वाजवली नाही. “इंजिन, मशीनची चावी उद्या सकाळी जमा कर,” ती म्हणाली. तरुण आई रडत होती, जिंकल्यासारखी मात्र दिसत नव्हती.

निघताना काटेवाला दाराशी होता. चिडलेला नव्हता तो. थकलेला दिसत होता.

“अक्का,” तो म्हणाला, “उद्यापासून काचेवर या.”

“येते,” अक्का म्हणाली.

*

दोघं रोजच्या रस्त्याने घरी निघाली. भाऊ पुढे, ती एक पाऊल मागे. दिवे लागायला वेळ होता. तिला त्याची पाठ तेवढी दिसत होती, शर्टातून दिसणारे पाठीचे मणके, श्वासाबरोबर वर जाणारे खांदे. तिने मनात वाक्यं जुळवून बघितली. तुझ्यासाठीच केलं. रागावू नकोस. भट्टीवाल्याकडे जाऊ नकोस. एकही बोलण्यासारखं झालं नाही.

गल्लीच्या चढावर तो थांबला.

“मला काही ऐकू आलं नाही, अक्का,” तो म्हणाला. तिने काही विचारलं नव्हतं. “पिशवी वाजत होती ना.”

“हो,” ती म्हणाली.

त्याला दम लागला होता. तो भिंतीकडे हात नेऊ लागला, भिंत जरा लांब होती, तेव्हा तिने पटकन आपला हात पुढे केला. डावा. मूठ तिने सभेपासून सोडलीच नव्हती. ती आता उघडली आणि त्याच्या बोटांना काहीतरी लागलं.

दोघांनी खाली बघितलं. तळहातावर दुधाच्या बाटलीचं झाकण होतं. उरलेलं झाकण पोत्यात टाकायचं असतं. अक्का घाबरून ते तसंच घेऊन आली होती.

तिने मूठ मिटली नाही. मिटून काही उपयोग नव्हता.

भावाने झाकण उचललं. उजेड कमी होता, पण उजेडाची त्याला गरज नव्हती. त्याने त्यात अंगठ्याचं नख रुतवलं, तिनेच कधी काळी शिकवलं होतं तसं. बराच वेळ तो ते दाबत राहिला, जणू खात्री पटत नव्हती.

“उद्या मऊ मालात टाकतो,” शेवटी तो म्हणाला, आणि त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवलं.

उद्या कुठे, ते तिने विचारलं नाही. तो चालायला लागला आणि ती त्याच्या मागे. त्याच खिशात मशीनची चावी होती. प्रत्येक पावलाला झाकण चावीवर आपटत होतं, मऊ, दबका आवाज, दुसऱ्या कोणाला ऐकू आला नसता असा. घराच्या दारापर्यंत तो आवाज येत राहिला. आतून भावजयीने पाऊल ओळखलं आणि नळ सोडला.